अडखळत वाच

३ जून

मुंगळ्या,

वहिनीच्या पत्रातून कळलं की तू जेवणाचं ताट सरकवलंस आणि म्हणालास, "आता माझं काय उरलंय?" अरे, एकदा चावला की सोडत नाही म्हणून घरात सगळे तुला मुंगळा म्हणायचे, आणि तूच असा ढेपाळलास? मोठी बहीण जिवंत आहे अजून. ती मरेपर्यंत तरी थांब.

तुझे रिपोर्ट आमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवले. उजव्या डोळ्याची आशा नाही, ते तुला तिकडच्यांनी सांगितलंच आहे. पण डाव्या डोळ्याची मागची बाजू चांगली आहे. खिडकी कुठे आहे ते तुला कळतं ना? दिवा लावला की कळतं ना? मग आतलं यंत्र शाबूत आहे, पुढची काच तेवढी गढूळ झाली आहे.

आता नीट ऐक. डोळ्याचा काळा भाग पांढऱ्याला जिथे भेटतो, त्या काठावर मूळपेशी असतात. बुबुळावरचं पातळ कातडं रोज झिजतं आणि त्या पेशी रोज नवं घालतात. मोठ्या माणसाच्या अंगात असे साठे ठिकठिकाणी असतात, हाडाच्या मगजात, कातडीत, अगदी चरबीतसुद्धा. जन्मभर डागडुजी चालू. तुझ्या गॅरेजात गाडीचं दार जुना रंग काढायच्या कॉस्टिकच्या टाकीत निसटलं आणि ते पाणी तुझ्या तोंडावर उडालं, तेव्हा दोन्ही डोळ्यांचा हा काठच जळाला. डागडुजी करणाराच गेला, म्हणून जखम भरली ती वेडीवाकडी, वर साय धरल्यासारखी.

आमच्या लॅबमध्ये आम्ही चांगल्या डोळ्याच्या काठाची नखाच्या कोरीएवढी कापटी घेतो. ती काचेच्या बशीत, पातळ पडद्यावर ठेवतो. तिला खायला घालतो, ऊब देतो. दोन-तीन आठवड्यांत तिच्यातून पेशी निघून पडद्यावर पसरतात. मग तो पडदा आजारी डोळ्यावर बसवायचा. दर वेळी साधतंच असं नाही, आणि दुसऱ्याच्या पेशी म्हणून औषधं बराच काळ घ्यावी लागतील. पण इथून भिंत धरत आलेली माणसं पेपर वाचत गेलेली मी पाहिली आहेत.

तुझे दोन्ही काठ गेले, तेव्हा कापटी दुसऱ्या कुणाची लागेल. ते माझ्यावर सोड. तू जेव.

आक्का

---

१४ जून

वन्सं,

नमस्कार. पत्र पोचलं आणि लगेच वाचून दाखवलं. रागावू नका, पण तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीने कागदावर पाय पुसल्यासारखं आहे. "मगज" शब्दाशी मी इतकी ठेचकाळले की हे हसले. अपघातानंतर पहिल्यांदाच हसले. आता खालचं हे सांगताहेत तसं लिहिते.

आक्का, त्या बशीत पेशींना जे पाणी घालतेस त्याचा रंग काय? नुसतं "लाल" म्हणून सुटू नकोस. लाल काय कुणीही म्हणेल.

परवा गॅरेजचा मालक घरी आला होता. चांगला माणूस. म्हणाला, "तुझ्यासारखी रंगाची शेड जुळवणारा मिळत नाही रे, गिऱ्हाईक परत येतंय, बॉनेट वेगळं दिसतं, दार वेगळं दिसतं." मी म्हटलं, पांढऱ्यात किती पांढरे असतात हे नव्या माणसाला कळायला वर्षं जातात. कुणात निळ्याचा थेंब, कुणात पिवळ्याचा. आणि आता बघ माझी गंमत, माझ्यापाशी एकच पांढरा उरलाय. दिवसरात्र तोच. त्यात कसला थेंब आहे तेसुद्धा मला सांगता येत नाही.

आंधळा मागतो एक डोळा म्हणतात ना? मी एकच मागतोय. देवाने दोनाचा हट्ट धरू नये.

वन्सं, हे अंघोळीला गेलेत, म्हणून माझं चार ओळी. सकाळी मी यांना खिडकीसमोर बसवते आणि खिडकीवरून चालत जाते. मी आडवी गेले की हे म्हणतात, "गेलीस." परत आले की म्हणतात, "आलीस." आमचा हा खेळ. तेवढ्यावर आमचा दिवस निघतो. तुम्ही लिहिलंत की आशा आहे, तेव्हापासून हे जेवताहेत. मला मात्र आशेचीच भीती वाटते.

तुमची वहिनी

---

२ जुलै

मुंगळ्या,

रंग विचारलास, तर काल मुद्दाम बाटली उजेडात धरली. लाल, पण रक्ताचा नाही. गुलाबीकडे झुकलेला, आत जांभळ्याची जरा छटा. पेशी खाऊ लागल्या की तो नारिंगी होत जातो, आणि फारच खाल्लं की पिवळा पडतो. मग जुनं काढून ताजं घालायचं. तू इथे असतास तर तुला त्यावरून सांगता आलं असतं की बशी कधी भुकेली आहे. आमच्या पोरींना मशिनवर बघावं लागतं.

आता बातमी. कापटीची सोय झाली. एक वयस्क गृहस्थ वारले, घरच्यांनी त्यांचे डोळे दिले, आणि ते तुझ्याशी बऱ्यापैकी जुळताहेत. १२ ऑगस्टला तुझं ऑपरेशन धरलं आहे. तुम्ही दोघं ८ तारखेपर्यंत इकडे या. माझ्याकडे राहा. माझी खोली लहान आहे, पण तू घोरलास तर मी बाहेर झोपेन.

आक्का

(वेगळा कागद)

वहिनी, हे तुझ्यापुरतं. कुणी वारलेलं नाही. परक्याच्या पेशी शरीर लवकर हाकलून लावतं, सख्ख्या भावंडाच्या टिकण्याचा संभव जास्त. मी तपासून घेतलं, माझं त्याच्याशी छान जुळतं. माझ्या उजव्या डोळ्याची कापटी देणार आहे. त्याला कळलं तर तो पाय रोवून नाही म्हणेल, मेला तरी ऐकणार नाही. लहानपणी मला काटा टोचला तरी भोकाड हा पसरायचा.

धोका फारसा नाही. अगदीच नाही असं नाही, आणि माझं पोट डोळ्यावर आहे, दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघायचं. पण ते माझं मी बघेन. तू तोंड शिवून बस.

---

१३ जुलै

वन्सं,

पत्र वाचून दाखवलं. हे सांगताहेत तसं लिहिते.

आक्का, त्या गृहस्थांचं वाईट वाटलं. ते काय करत होते? चष्मा होता का त्यांना? मागे बहीण-भाऊ कुणी आहेत का? उगाच विचारतो. कुणाचं उसनं घ्यायचं तर माणसाची माहिती असावी.

आणखी एक. चरबीतही मूळपेशी असतात असं तूच लिहिलं होतंस. मग माझी स्वतःची चरबी का चालू नये? हिच्या हातचं खाऊन खाऊन पोटावर भरपूर साठा केला आहे. स्वतःचं असताना दुसऱ्यापुढे हात का पसरायचा? आणि तू घाई करू नकोस. काही करू नकोस, मी सांगेपर्यंत.

वन्सं, माझं फारसं काही नाही. मी यांना काही बोललेले नाही, शप्पथ. आम्ही थोडे दिवस माझ्या माहेरी जाऊन येऊ म्हणतो. यांना जरा बदल होईल.

तुमची वहिनी

---

२४ जुलै

मुंगळ्या,

काय रे, मेलेल्या माणसाची एवढी चौकशी? मुलगी द्यायची आहे का त्याला?

चरबीचं विचारलंस ते बरं केलंस, कारण त्या नावाखाली बाजार भरला आहे. चरबीतल्या पेशींना चरबीचं काम येतं, फार तर हाडाचं, कूर्चेचं. बुबुळावरचं कातडं विणणं त्यांच्या बापजन्मी होणार नाही. तुमच्या गॅरेजातल्या वेल्डिंगवाल्याला तू शेड जुळवायला उभं करशील का? माणूस चांगला, हात चांगला, पण धंदा वेगळा. आणि एक लक्षात ठेव. गुडघा, साखर, केस, डोळे, सगळ्याला एकच सुई म्हणणारा कुणी भेटला, तर चपला हातात घेऊन पळत सूट.

बशी ठणठणीत आहे. ८ तारखेला वाट बघते.

आक्का

(वेगळा कागद)

वहिनी, झालं. सोमवारी कापटी काढली. दुखलं म्हणण्यापेक्षा खुपलं. पट्टी लावून लॅबमध्ये गेले तर पोरी म्हणाल्या, "ताई, समुद्री चाच्यासारख्या दिसता, आज जहाज कुठे लावलंत?" माझ्याच पेशी म्हणून मला बशीला हात लावू देत नाहीत. मी मागे उभी राहून सूचना देते आणि बोलणी खाते. आज सकाळी कापटीच्या कडेने पहिल्या पेशी बाहेर आल्या. वहिनी, इतकी वर्षं हे बघते आहे, पण आज मला रडू आलं. माझ्याच डोळ्याचे तुकडे, आणि ते त्याच्याकडे निघालेत.

---

७ ऑगस्ट

वन्सं,

तुम्हाला तोंड दाखवायची माझी लायकी नाही. तरी लिहायला हवं, कारण उद्या तुम्ही आमची वाट बघाल.

आम्ही माहेरी गेलो नव्हतो. तुमचा पहिला वेगळा कागद आला त्याच दिवशी यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. कसं ओळखलं देव जाणे. मी रडले आणि बोलून गेले. हे म्हणाले, "आक्काच्या डोळ्याला सुरी लागणार असेल तर मला माझा डोळा नको." मला गळ्याची शपथ घातली की तुम्हाला कळवायचं नाही. तुमच्या पत्राला उत्तर लिहिताना हे बाजूला बसून होते.

मग कुणीतरी एका दवाखान्याचं सांगितलं. तिथे पोटातली चरबी काढतात, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करतात आणि त्याच दिवशी डोळ्यात सुईने सोडतात. बाहेरच्या खोलीत गार हवा, पांढरे सोफे, भिंतीवर हसणाऱ्या माणसांचे फोटो. तिथली बाई गोड बोलली. म्हणाली, "तुमच्याच पेशी, तुमच्याच अंगात, त्यात वाईट काय होणार?" मी यांना म्हटलं, वन्संना एकदा विचारू या. हे म्हणाले, "विचारलंस तर ती त्याच दिवशी कापून घेईल."

डाव्या डोळ्यात सुई दिली. दुसऱ्या दिवशी डोळा सुजून लिंबाएवढा झाला. ती बाई फोनवर म्हणाली, पेशी काम करताहेत म्हणून सूज. आम्ही तिच्या शब्दावर तिथल्या लॉजमध्ये पडून राहिलो. हे कण्हायचे आणि मला म्हणायचे, "काम करताहेत गं." शेवटी मी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दिवा धरून बघितलं. आत रक्त झालं आहे, मागचा पडदा सुटून गोळा झाला आहे. म्हणाल्या, आता कुणाला काही करता येणार नाही.

काल घरी आलो. दारात तुमचं २४ तारखेचं पत्र पडलेलं. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. यांना अजून दाखवलेलं नाही. काय वाचू?

आज सकाळी मी यांना खिडकीसमोर बसवलं. खिडकीवरून गेले. परत आले. पुन्हा गेले. हे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चालतेयस का गं?"

वहिनी

---

११ ऑगस्ट

वहिनी,

पत्र काल मिळालं. उत्तर लगेच लिहिलं असतं तर तुला जन्मभर पुरेल एवढं बोलले असते, म्हणून रात्र जाऊ दिली. तरी राग आहेच. तुझा, त्याचा, त्या गोड बाईचा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात दोघं. आणि सगळ्यांत जास्त राग माझा मला येतो, कारण चरबीचं ते वाक्य मीच पहिल्या पत्रात लिहिलं, मोठी शहाणी मास्तरीण होऊन. कोणी विचारलं होतं?

मोठ्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, पडदा असा सुटला असेल तर पुढची काच बदलून उपयोग नाही. काचेमागे बघणारं कुणी नाही.

बशी तयार होती, वहिनी. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पेशी भरल्या होत्या, कुठे भोक नाही, कुठे विरळ नाही. इतकी सुंदर बशी आमच्या हातून वर्षभरात निघाली नव्हती, असं सगळ्या म्हणाल्या. दुसऱ्या कुणाला ती चालणार नाही, माझ्या-त्याच्या जुळणीवर वाढवलेली. टाकायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, आता तरी मला हात लावू द्या. टाकण्याचा नियम आहे, ब्लीचचं पाणी ओतायचं. ओतलं. गुलाबी रंग बघता बघता गेला आणि पाणी पांढरं झालं. मी तिथेच उभी राहिले. त्यात कसला थेंब होता ते मलाही सांगता आलं नाही.

माझ्या डोळ्याचं विचारू नकोस. काठावर पांढरी रेघ धरली आहे आणि सूक्ष्मदर्शकात बघताना पाणी येतं. बरं होईल, नाहीतर नाही होणार. सध्या मला पेशंटच्या भरतीच्या कागदांवर बसवलं आहे.

मुंगळ्याला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर सांग.

आक्का

---

२ सप्टेंबर

आक्का,

हे माझ्या हाताने लिहितो आहे. पुठ्ठ्याची पट्टी सरकवत लिहितो, ओळीवर ओळ चढली तर समजून घे. ही बाजारात गेली आहे. शेजारचे काका टपालात टाकतील. तुझ्या अक्षराला हसायचो, आता माझं बघ.

तू मला शिव्या दिल्या नाहीस. तेवढ्यानेच मी मेलो.

मला समजत नव्हतं म्हणून मी तिथे गेलो असं समजू नकोस. त्या पांढऱ्या सोफ्यावर बसलो तेव्हाच मला आतून कळत होतं की हे खरं नाही. गाडीवरचा डाग लपवायला कुणी घाईघाईने फवारा मारतो ना, तसं ते बोलत होते. पण खरं तुझ्या डोळ्यातून जात होतं, म्हणून मी खोट्याकडे गेलो. वाटलं, शंभरात एकाला तरी साधत असेल, तो एक मी असेन.

तुला एक गंमत सांगतो. हिला सांगू नकोस. तुझं पत्र वाचताना ही खडीवरच्या बैलगाडीसारखी चालते, दर शब्दाला धक्का. मनाने रचून सांगते तेव्हा पाण्यासारखी वाहते. तुझा वेगळा कागद आला त्या दिवशी मी विचारलं, त्यात काय आहे? ही म्हणाली, "वन्संनी माझ्या तब्येतीचं लिहिलंय," आणि एका दमात वाचून दाखवलं. तुझं अक्षर, आणि एका दमात? मी तिथेच धरली.

आता ऐक, मला का लिहावं लागलं. आम्ही परत आलो तेव्हा दारात तुझं पत्र पडलं होतं. पायाखाली आलं, मला कळलं. विचारलं तर ही म्हणाली, "वन्संनी कापटी दिलीच नव्हती. नुसती तारीख ठरली होती." एका दमात म्हणाली, आक्का. कुठे अडखळली नाही.

माझं जे व्हायचं ते झालं. अंधार म्हणतात तो काळा असतो असं वाटायचं, तसा नाही, त्याला रंगच नाही. त्यात मी बसू शकेन. पण तुझा डोळा कापला गेला आणि तोही वाया गेला, हे असेल तर मला बसता येणार नाही. मला फक्त एवढं हवं आहे की तुझा वाचला. तेवढं एक तरी माझ्या हातून झालं असावं.

तू लिही. तुझ्या हाताने लिही. मी हिला वाचायला लावीन. मला कळेल.

मुंगळा

---

९ सप्टेंबर

वहिनी,

हे पाकीट तुझ्या शिवणाच्या क्लासच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवते आहे. दोन दिवसांनी घरी दुसरं पत्र येईल, त्याच्या नावाने. ते आधी फोडू नकोस. माझ्यावर तुझी माया असेल तर डोकावूनसुद्धा बघू नकोस. त्याच्यासमोर बस आणि तिथेच पहिल्यांदा उघड. अक्षर मी नेहमीपेक्षा वाईट काढलं आहे. लागणार नाही. थांब, चूक, पुन्हा मागे जा. अडखळत वाच. रडू आलं तर म्हण, वन्संच्या अक्षराने डोकं उठलं.

का, ते विचारू नकोस. आणि त्याने विचारलं तर मी लॅबमध्ये नेहमीच्याच कामावर आहे असं सांग. ते मात्र एका दमात सांगू नकोस.

आक्का

---

११ सप्टेंबर

मुंगळ्या,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या, तरी माझ्यापेक्षा बरं अक्षर आहे. बोर्ड रंगवायला घे.

तू विचारलंस ते स्पष्ट सांगते. कापटी काढली नव्हती. तारीख ठरली होती, कागदांवर सह्या झाल्या होत्या, मी उपाशीपोटी जाऊन बसलेही होते. पण आमच्या डॉक्टरांना ताप आला आणि सगळंच पुढे ढकललं. मग तुमचीच बातमी आली. बशी रिकामी होती, ती धुऊन जागेवर ठेवली. वहिनीने जुलैचं पत्र वाचून दाखवलं असेल, तर त्यात "बशी ठणठणीत" लिहिलं ते तुला धीर यावा म्हणून, त्याची शिक्षा तू सांगशील ती घेईन.

माझा उजवा डोळा जसा होता तसा आहे. आत्ता हे लिहिताना त्याच डोळ्याने खिडकीबाहेर बघते आहे. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर वाळत घातली आहे, पांढरी, निळ्याचा एक थेंब टाकलेली. तू म्हणाला असतास, अर्धा थेंब.

तू मूर्खासारखा वागलास, आणि तुझ्या मूर्खपणामुळे माझा डोळा वाचला. हे दोन्ही खरं आहे. दुसरं जास्त खरं आहे.

आता ताट सरकवू नकोस. वहिनी वाढेल ते जेव.

आक्का